नलूमावशींची गांधीलमाशी

नलूमावशींनी पहिल्यांदा आमची बेल वाजवली तेव्हा मी घरात नसल्याचं सोंग करत होतो. अ‍ॅशबर्नला येऊन आम्हाला जेमतेम महिना झाला होता. भर दुपारी दार वाजवणारा माणूस एकतर काहीतरी विकायला येतो किंवा देवाबद्दल बोलायला येतो, एवढं अमेरिकेचं ज्ञान मी तोवर मिळवलं होतं. दोघांनाही इंग्रजीतून नाही म्हणणं मला जमत नव्हतं, म्हणून मी सोफ्यामागे दडून बसलो. सोफ्यामागे मोठी खिडकी आहे हे मात्र लक्षात आलं नाही. काचेवर टकटक झाली. वळून पाहिलं तर ढगळ पांढऱ्या पोशाखातली, डोक्यावरून जाळी घेतलेली एक ठेंगणी आकृती उभी. हातात लोणच्याची रिकामी बरणी.

“एक्स्क्यूज मी, मे आय लुक अंडर युवर डेक?”

“आई गं!” मी ओरडलो.

आकृतीने जाळी वर सारली. आत जाड भिंगांचा चष्मा, नाकात चमकी आणि कानापर्यंत पोचलेलं हसू.

“आपल्यातलाच आहे की तू! मग लपून काहून राहिला रे?”

मी काहीतरी पडलं होतं ते शोधत होतो, असं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि काय पडलं होतं ते विचारलं नाही. हा त्यांचा चांगुलपणा मला पुढे अनेकदा उपयोगी पडला.

घरामागच्या आमच्या लाकडी डेकखाली त्यांना एक फुटकी कुंडी मिळाली. शोधत होत्या ती गांधीलमाशी मिळाली नाही. मग त्या माझ्या बायकोच्या, स्मिताच्या हातचा चहा प्यायला आत आल्या आणि त्या दिवसापासून आमच्या झाल्या. त्यांनी मला नावाने कधीच हाक मारली नाही. मी पुण्याचा हे कळल्यावर मी ‘पुणेकर’ झालो, आणि तो शब्द त्या अशा सुरात उच्चारत की जणू मला काहीतरी झालं आहे आणि त्या माझ्या तब्येतीची चौकशी करताहेत.

नलूमावशी नागपूरच्या. अमेरिकेत येऊन त्यांना तीस वर्षं होत आली होती, पण ‘काय करून राहिला’ काही सुटलं नव्हतं. बरीच वर्षं त्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या स्लाइड तपासत. यजमान डॉक्टर. ते गेले त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. मावशी त्यांचा उल्लेख ‘आमचे डॉक्टर’ असाच करत आणि डॉक्टर आत पेपर वाचत बसलेत अशाच थाटात त्यांच्याबद्दल तक्रारी करत. सगळ्यांत मोठी तक्रार मधमाश्यांची होती.

“आमच्या डॉक्टरांना रिटायर होऊन मध काढायचा होता,” त्या सांगत. “मला न विचारता माशांची ऑर्डर देऊन टाकली. आणि फेब्रुवारीत स्वतः चालले गेले. मला काय माहीत? एप्रिलमध्ये पोस्टातून फोन. बाई बिचारी रडकुंडीला आलेली. मॅडम, तुमचं पार्सल आलंय आणि ते गुणगुणून राहिलं आहे. लवकर या.”

ही गोष्ट सांगताना त्या उभ्या राहत. पोस्टातल्या बाईने पार्सल कसं लांबूनच बोटाने दाखवलं, जाळीच्या खोक्यात माश्यांचा घोस कसा लटकला होता, हे सगळं करून दाखवत. “मी झुरळाला भिणारी बाई. झुरळ दिसलं की मी टेबलावर. आणि ह्या एवढ्या माशा! परत पाठवते म्हटलं तर पोस्टवाले हात लावायला तयार नाहीत. मग काय, खोकं उचललं, गाडीत शेजारच्या सीटवर ठेवलं. सीट बेल्ट लावला.” इथे त्या जरा थांबत. “डॉक्टर बसायचे त्या सीटवर. मी सगळ्या रस्त्यानं त्यांना बोलत आली. माशांना नाही, डॉक्टरांना.”

मधमाश्या पाळणाऱ्यांचा एक क्लब होता. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्याच दिवशी संध्याकाळी येऊन माश्या पेटीत घातल्या. मावशींनी डॉक्टरांसाठी आलेला पोशाख अंगावर चढवला. बाह्या सेफ्टी पिना लावून वर घेतल्या, पायघोळ भाग मोज्यात खोचला. पोशाख पुढेही कधी अल्टर केला नाही. “एवढ्यासाठी काय शिलाई मशीन काढायची,” असं म्हणायच्या. दोन वर्षांत पेट्या दोन झाल्या आणि मावशींची भीती तेवढीच राहिली. पेटी उघडायच्या आधी त्या मोठ्याने रामरक्षा म्हणत. मधमाश्यांना ती पाठ झाली असणार.

गांधीलमाशीचं प्रकरण क्लबातच सुरू झालं. एका सभेत कुणा पाहुण्याने आशियातल्या मोठ्या गांधीलमाशीच्या स्लाइड दाखवल्या. अंगठ्याएवढी. पंधरावीस मिळून आल्या तर मधमाश्यांची डोकी उडवत उडवत आख्खी पेटी एका दुपारीत रिकामी करतात. अमेरिकेत अजून आलेली नाही, पण जहाजातून, एखाद्या कंटेनरमधून कधीही येईल. वेगळी काही दिसली तर काउंटीच्या शेतकी ऑफिसला कळवा, असं म्हणून पाहुण्याने खोलीतले दिवे लावले. बाकीचे लोक डोनट खायला उठले. मावशी मात्र बसून राहिल्या.

“मला वाटलं, तो माझ्याकडेच पाहून बोलून राहिला,” त्यांनी एकदा मला सांगितलं. “डॉक्टर गेल्यापासून सगळे म्हणायचे, आता आराम कर. पहिल्यांदा कोणीतरी मला काम सांगितलं रे.”

ते काम त्यांनी मनावर घेतलं. ‘आपण कळवावं’ हे त्यांचं पालुपद होतं. नळ गळत असो, शेजाऱ्याच्या गाडीचा दिवा चालू राहिलेला असो, आपण कळवावं. गांधीलमाशीच्या बाबतीत त्या कळवत शेतकी ऑफिसातल्या लिंडाला. लिंडा ही कीटकांची तज्ज्ञ, वयाने मावशींच्या मुलीएवढी, आणि संत म्हणावी इतकी शांत. मावशींनी पहिल्याच उन्हाळ्यात तिला आमच्या पार्किंगपाशी भोकं पाडणारी एक राक्षसी माशी कळवली. लिंडा आली आणि म्हणाली की ही फक्त झाडावर ओरडणाऱ्या सिकाडा किड्यांची शिकार करते, मधमाश्यांच्या वाटेला जात नाही. मग मावशींनी एक पिवळे पट्टेवाली कळवली. तो निघाला पतंग. नुसताच गांधीलमाशीसारखे कपडे घालून फिरणारा. तिसऱ्या वेळेला त्यांनी दुर्बिणीतून पाहून जी कळवली ती समोरच्या पोर्चवर टांगलेली प्लॅस्टिकची होती.

“प्लॅस्टिकची रे, पुणेकर!” त्या डोळे पुसत हसत होत्या. “मी तिला दोन दिवस पाहून राहिली. म्हटलं, किती पेशन्स आहे हिला!”

दुसरा कुणी असता तर तोंड लपवून बसला असता. मी तर ऑफिसात सॉफ्टवेअरमधला एखादा बग चुकीचा रिपोर्ट केला की आठवडाभर कॉफी मशीनकडे जात नसे. मावशी मात्र स्वतःची फजिती भेटेल त्याला सांगत, आणि सांगून झाल्यावर बरणी घेऊन परत निघत.

नमुने जपून ठेवायचे तर ते फ्रीझरमध्ये ठेवा, असं लिंडाने सांगितलं होतं. मावशींनी त्यासाठी श्रीखंडाचे रिकामे डबे काढले. पुढे काय झालं असेल ते कोणीही ओळखेल, पण गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या जेवणाला, हजर असलेल्या आम्हा कोणालाच ओळखता आलं नाही. मंडळाचे अध्यक्ष कुलकर्णीकाका जेवणाच्या बाबतीत अतिशय पुढाकार घेणारे. त्यांनी ताटात पुऱ्या घेतल्या, मावशींचा डबा उघडला आणि चमचा हवेतच धरून उभे राहिले. आत टिश्यू पेपरवर चार गांधीलमाश्या हारीने निजल्या होत्या. काका जुन्या वळणाचे सभ्य गृहस्थ. त्यांनी हळूच झाकण लावलं आणि म्हणाले, “वहिनी, केशर जरा जास्त झालंय.”

मावशींनी डबा उघडून पाहिला आणि तिथेच खुर्चीवर बसल्या. हसू आवरेना. तेवढ्यात स्मिता म्हणाली, “मावशी, त्यातल्या एकीचा पाय हलतोय.” ती माशी सकाळीच फ्रीझरमध्ये गेली होती आणि पुरती मेली नव्हती. त्यानंतर जे काही झालं त्यात मी सगळ्यांत आधी दाराबाहेर पोचलो, हे मला पुढे बऱ्याच लोकांनी आवर्जून सांगितलं. श्रीखंड अर्थातच मावशींच्या घरी फ्रीझरमध्ये होतं.

दोन वर्षांनी, सप्टेंबरात, मावशींच्या पेट्यांवर खरोखरच धाड पडली. तपकिरी-पिवळी, भलीमोठी गांधीलमाशी पेटीच्या तोंडाशी हवेत तरंगत राहायची, परतणारी मधमाशी अलगद उचलायची आणि निघून जायची. मग दुसरी यायची. मावशी हसत नव्हत्या. “माझ्यासमोर उचलून नेते रे,” त्या म्हणाल्या. “मी हाड हाड करते. ती काय कुत्रं आहे?”

घरटं शोधायचं त्यांनी ठरवलं. गांधीलमाशी शिकार घेऊन सरळ घराकडे उडते, हे त्यांना क्लबात कळलं होतं. ती ज्या दिशेला दिसेनाशी होई तिथे मावशी दुसऱ्या दिवशी खुर्ची मांडून बसत. पुन्हा एक माशी डोक्यावरून जाई, मग खुर्ची आणखी पुढे. अशी ती खुर्ची आठवडाभरात पाच-सहा लोकांच्या अंगणांतून सरकत गेली. खुर्ची उचलायचं काम माझ्याकडे होतं. परक्यांच्या अंगणात खुर्ची घेऊन उभा राहिलेला मी प्रत्येकाला ‘हाय’ म्हणत होतो आणि माझ्या व्हिसाचं काय होईल याचा विचार करत होतो. मावशी लोकांना सगळं समजावून सांगत. एकाने त्यांना लिंबू सरबत दिलं. मला दिलं नाही.

खुर्ची शेवटी मुलांच्या झोपाळ्यांपलीकडच्या एका जुन्या मेपलपाशी पोचली. झाड अर्धं वाळलेलं. बुंध्यात पुरुषभर उंचीवर एक ढोली होती आणि तिच्या तोंडाशी गांधीलमाश्यांची सारखी जा-ये चालू होती. मावशींनी माझा दंड धरला.

घरी येऊन त्यांनी लिंडाला फोन केला. लिंडा रजेवर होती. मग त्यांनी वसाहतीच्या असोसिएशनचा अध्यक्ष ब्रायन याला फोन लावला. ब्रायन म्हणाला की ते झाड तसंही गुरुवारी तोडायचंच आहे, माणसं ठरली आहेत, काळजी नको.

“तोडायचं? करवतीनं? अरे, त्या माणसांना ती खाऊन टाकेल!”

ब्रायन नम्रपणे म्हणाला, “मिसेस पाठक, मागच्या वेळी तुम्ही माझ्या पोर्चवरचं डेकोरेशन रिपोर्ट केलं होतं.”

मावशींनी फोन ठेवला. “बरोबर आहे त्याचं,” त्या म्हणाल्या. “मी असती तर मीही माझं ऐकलं नसतं.”

गुरुवारी सकाळी त्या डॉक्टरांचा पोशाख चढवून झाडापासून जरा अंतरावर खुर्ची टाकून बसल्या. मी ऑफिसला घरून काम करतो असं सांगितलं आणि त्यांच्या मदतीला गेलो. मदत म्हणजे, रस्त्याच्या कडेला गाडीत काचा वर करून बसलो.

ट्रक आला. तीन माणसं उतरली. त्यांचा म्होरक्या राउल, चाळिशीचा, मिशीवाला. त्याला इंग्रजी फारसं येत नव्हतं आणि मावशींना स्पॅनिश अजिबात. मावशींनी झाडाकडे बोट दाखवलं, दोन्ही हात पंखांसारखे हलवले, तोंडाने भुंग्याचा आवाज काढला आणि स्वतःच्या दंडावर जोरात चिमटा घेतला. ती माणसं हसली. ढगळ पोशाखातली एक म्हातारी त्यांच्यासमोर नाच करत होती, हसतील नाही तर काय! राउल आदबीने “ओके, सेन्योरा, ओके” म्हणाला आणि त्याने करवत उचलली.

मावशी उठल्या. जाळी नीट खाली घेतली. त्यांचे ओठ हलताना मला दिसत नव्हते, पण त्या रामरक्षा म्हणत असणार. तशाच चालत झाडापाशी गेल्या, तळहाताने बुंध्यावर दोनदा थापटलं आणि मागे सरल्या. मग राउलकडे पाहून त्यांनी ‘ऐक’ म्हणून स्वतःच्या कानाला हात लावला. राउलचं हसू अर्धवट राहिलं. करवत खाली ठेवून तो कडेकडेने पुढे गेला, बुंध्याच्या मागच्या बाजूला त्याने कान लावला, आणि तसाच उलट पावली मागे आला. चेहरा कागदासारखा. “आविस्पास,” तो म्हणाला, आणि त्याने छातीवर क्रूस काढला. अर्थ कुणाला सांगावा लागला नाही. तिघंही ट्रकच्या पलीकडे गेले. जाताना राउलने मावशींनाही दंडाला धरून नेलं.

ढोलीतून दहाबारा बाहेर आल्या, घिरट्या घातल्या आणि परत आत गेल्या. फक्त एक तेवढी रस्त्याकडे आली. गाडीच्या काचा मी सगळ्या वर केल्या होत्या. वरचं सनरूफ उघडं होतं. त्या दिवशी डंख बसलेला माणूस एकच, तो मी. मानेवर. मी गाडीतून बाहेर आलो तेव्हा नाचात मावशींनाही मागे टाकलं.

राउलच्या माणसांतल्या सगळ्यांत तरुणाला इंग्रजी येत होतं, हे तेव्हा कळलं; मावशींनी कुणाला विचारलंच नव्हतं. माझ्या मानेला बर्फ लावता लावता त्याने सांगितलं की राउलला साधी मधमाशी चावली तरी गळा सुजून श्वास बंद होतो. मागे एकदा तो हॉस्पिटलमध्ये मरता मरता वाचला आहे. घरी दोन लहान मुली आहेत. मावशींनी ते ऐकलं आणि त्या एकदम खाली गवतातच बसल्या. “मला धरा रे कोणी,” म्हणाल्या, “आता भीती वाटून राहिली.”

लिंडा रजेवरून आली, तज्ज्ञ माणसांकडून तिने घरटं काढून घेतलं. रांजणाएवढं, कागदासारख्या पापुद्र्यांचं. मावशी श्वास रोखून तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. लिंडाने एक माशी उलटीपालटी करून पाहिली आणि हळूच म्हणाली, “ही युरोपियन हॉर्नेट आहे, नलिनी. आशियातली नाही. ही दीडशे वर्षांपूर्वीच इथे आली.”

“म्हणजे नवी नाही?”

“नाही.”

मावशींचा चेहरा उतरला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “घे! हिचं ग्रीन कार्ड कधीच झालं. तूच लाइनीत उभा आहे, पुणेकर.” आणि स्वतःच हसत सुटल्या. “परत नापास झाली मी!” लिंडाने त्यांना मिठी मारली. पुढच्या रविवारी राउल बायको-मुलींना घेऊन मावशींकडे आला. मक्याच्या पानांत वाफवलेले तामाले भरून मोठा डबा आणला होता. त्याच्या मुलींना मावशींनी मध चाखवला. राउल मात्र पेट्यांकडे पाठ करून, बंद दाराच्या आत बसून राहिला. मी त्याच्या शेजारी बसलो. आमचं चांगलं जमलं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी हिवाळा संपता संपता मावशींचा फोन आला. “जरा येतो का?” एवढंच. आवाज वेगळा होता. गेलो तर त्या जाळी न घेताच पेटीपाशी उभ्या होत्या. दोन्ही पेट्यांची झाकणं उघडी. आत मध भरलेला, मेण जागच्या जागी, आणि माश्या जवळजवळ सगळ्या गायब. मेलेल्याही नाहीत. खाली गवतात नाहीत, पेटीच्या तळाशी नाहीत. एका पेटीत राणी आणि तिच्याभोवती मूठभर माश्या तेवढ्या चिकटून होत्या. त्या वर्षी देशात बऱ्याच ठिकाणी असं झालं होतं. कारण कुणालाच धड सांगता येत नव्हतं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “मावशी, गांधीलमाशी?”

“नाही रे.” त्या पेटीच्या कडेवरून बोट फिरवत होत्या. “तिनं नेल्या असत्या तर बरं झालं असतं. कोणाला शिव्या तरी देता आल्या असत्या.”

लिंडाला त्यांनी तेही कळवलं. मूठभर माश्याही आठवड्यात गेल्या. मावशी नव्या माश्या मागवतील असं आम्हाला वाटत होतं, पण त्यांनी पेट्या क्लबला देऊन टाकल्या. उन्हाळ्यात मुलगी येऊन त्यांना ओहायोला, डब्लिनला आपल्या घरी घेऊन गेली. गुडघे दुखतात, हे कारण त्यांनी सांगितलं. गुडघे खरंच दुखत होते.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते पुढच्या वर्षी. आम्ही शिकागोला गाडीने निघालो होतो, वाटेत डब्लिनला थांबलो. “आई मागच्या पार्कमध्ये आहे,” मुलगी म्हणाली. मागे मोठं मैदान होतं आणि ते सगळं पांढऱ्या फुलांच्या क्लोव्हर गवताने भरलेलं. मधोमध नलूमावशी साध्या सलवार-कमीजमध्ये, चपला बाजूला काढून, पाय पसरून बसल्या होत्या. जवळ गेल्यावर कळलं की सगळं मैदान गुणगुणतंय. प्रत्येक फुलावर कुणाच्या ना कुणाच्या पेटीतली मधमाशी होती. मावशींच्या पावलाला लागून, ओढणीच्या टोकाशी, सगळीकडे.

आम्हाला पाहून त्यांनी हात वर केला. “या, या! पण खाली पाहून या रे. चिरडू नका कोणाला.”

स्मिता आणि मी थांबलो. मग एकेक मोकळी जागा शोधत, एका पायावर तोल सावरत, दुसरा पाय कुठे टाकावा ते कळत नसल्यासारखे निघालो. मी तर दोन्ही हात पसरले होते. मावशी तोंडावर हात ठेवून हसत होत्या. मग त्यांना तो हातही ठेवता येईना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, त्या मागे गवतात कलंडल्या, आणि तशाच आडव्या पडून आमच्याकडे बोट दाखवत हसत राहिल्या. आम्ही अजून अर्ध्यातच होतो.